थोरल्याची शंका, धाकट्याची शिदोरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत छोट्या एआय मॉडेलांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा पिता पिता, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. विषय घेतलात हे चांगलं केलंत. एरवी एआय म्हटलं की नोकऱ्या जाणार ही ओरड, नाहीतर अवाढव्य डेटा सेंटरं, यापलीकडे आपल्याकडे फारसं छापून येत नाही. पण लेखात दोन ठिकाणी पेन थांबलं. 'छोटं मॉडेल म्हणजे मोठ्या मॉडेलच्या फांद्या छाटून उरलेलं झाड' हे एक वाक्य. आणि शेवटी शेवटी, 'ही सगळी मोठ्याच्या उत्तरांची नक्कल आहे' हे दुसरं. पहिलं चूक आहे. दुसरं अर्धंच खरं आहे, आणि जे अर्धं राहून गेलं त्यातच मोठ्या मॉडेलकडून छोट्याला शिकवण्याच्या या पद्धतीची सगळी गंमत आहे.

मी सांगोला तालुक्यात २६ वर्षं कृषी सेवा केंद्र चालवतो. शिक्षण राहुरीची बी.एस्सी. ॲग्री. कम्प्युटरशी संबंध जीएसटीच्या बिलापुरता. तेव्हा 'याला काय कळतंय यातलं' असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या पुतणीबरोबर बसून हे काम मी स्वतः केलंय, म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे सकाळ व्हॉट्सॲपवरच्या फोटोंनी उजाडते. डाळिंबाचं पान, डाळिंबाचं फळ, कधी नुसताच अंगठा. खाली एक ओळ : 'भाऊ, काय पडलंय बघा.' पाच-सहा वर्षांचे असे फोटो फोनमध्ये साठले होते, आणि जागा भरली म्हणून मी ते पुसायला निघालो तर पुतणी हात धरायला लागली. तिला एक लहान मॉडेल करायचं होतं, साध्या फोनमध्ये मावणारं. फोटो दाखवला की तेल्या आहे, बुरशीचा ठिपका आहे, फुलकिडीने खरवडलंय, उन्हाचा चट्टा आहे की काहीच नाही, हे सांगणारं. आणि तेही रेंज नसताना. शहरातल्या वाचकांना रेंजचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. आमच्या बऱ्याच ग्राहकांच्या शेतात बांधावर जाऊन उभं राहिल्याशिवाय फोन लागत नाही. रोग मात्र बागेच्या मधोमध लागतो.

तिने लॅपटॉप काउंटरमागच्या टेबलावर मांडला आणि मला एकच काम दिलं. एकेक फोटो समोर येईल, मी नाव सांगायचं, ती बटण दाबणार. पहिले दोनशे झरझर गेले. मग एका पानावर मी अडलो.

तेल्या हा जिवाणूचा रोग. त्याचा कोवळा ठिपका पाण्यात भिजल्यासारखा, तेलकट असतो. पान उन्हाकडे धरलं की तिथून उजेड आरपार येतो. बुरशीच्या ठिपक्याचं तसं नसतं. शेतात ही परीक्षा दोन सेकंदांची. पण फोटोतलं पान उन्हाकडे कसं धरणार?

'काका, एकच नाव सांगा.'

'अगं, एकच नाही सांगता येत. सत्तर टक्के तेल्या म्हण, पंचवीस टक्के बुरशी. फुलकिडीचा तर प्रश्नच नाही.'

ती हसायला लागली. म्हणाली, 'काका, मला हेच हवंय. सगळा खेळ या सत्तर-पंचवीसचाच आहे.'

मग तिने मला २०१५ सालचा एक शोधनिबंध छापून आणून दिला. जेफ्री हिंटन, ओरिओल विन्याल्स आणि जेफ डीन हे त्याचे लेखक, तिघेही तेव्हा गूगलमध्ये. यातल्या हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निबंध इंग्रजीत, मधे मधे गणित. तीन संध्याकाळी घातल्या, अडलं तिथे तिला विचारलं. पण सुरुवात वाचूनच मी सैल झालो होतो, कारण ती किड्यांपासून होते. कीटकाची अळी असते ती खाऊन खाऊन वाढण्यासाठी घडलेली. प्रौढ कीटक उडायला आणि वंश वाढवायला घडलेला. एकाच जिवाची दोन वेगळी रूपं. मग मॉडेलचं शिकतानाचं रूप आणि कामाला लागल्यानंतरचं रूप एकच का असावं, असं त्यांचं म्हणणं. शिकायला अगडबंब मॉडेल घ्या, आणि त्याचं शहाणपण एका चपळ, लहान मॉडेलमध्ये उतरवा. अळीची औषधं विकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही भाषा लगेच कळते.

या उतरवण्याला त्यांनी नाव दिलं 'डिस्टिलेशन'. शाळेत आपण 'ऊर्ध्वपातन' शिकलो ते. आमच्या भागात हा शब्द उच्चारला की साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा वास नाकात येतो, म्हणून मी आपला थोरलं मॉडेल आणि धाकटं मॉडेल असंच म्हणतो.

आता मुद्द्याचं. नेहमीच्या पद्धतीत मॉडेलला फोटो दाखवतात आणि एकच उत्तर सांगतात : तेल्या. बाकी सगळं शून्य. म्हणजे 'हा तेल्या आहे, बुरशी शून्य, फुलकिडी शून्य, निरोगी शून्य'. यातून मॉडेलला असं कळतं की बुरशी म्हणणं ही जेवढी मोठी चूक, तेवढीच निरोगी म्हणणं ही. पण दुकानात बसणाऱ्या कुणालाही विचारा, या दोन चुका सारख्या आहेत का? थोरल्या मॉडेलला शिकून झाल्यावर तोच फोटो दाखवला तर ते नुसतं नाव सांगत नाही, सगळ्या नावांमध्ये शंभर गुण वाटून देतं. समजा सत्तर तेल्याला, पंचवीस बुरशीला, चार उन्हाच्या चट्ट्याला, उरलेले किरकोळ बाकीच्यांना. धाकट्याने नुसतं 'तेल्या' पाठ करायचं नाही. ही सगळी वाटणी जशीच्या तशी जमवायची. निबंधातलं उदाहरण असं : बीएमडब्ल्यू मोटारीला कचऱ्याची गाडी समजण्याची शक्यता अगदी नगण्य, पण गाजर समजण्यापेक्षा ती कितीतरी पट जास्त. त्या दोन नगण्य आकड्यांमधल्या फरकातच जग कसं आहे याची माहिती दडलेली असते. हिंटन याला 'डार्क नॉलेज' म्हणत. मी त्याला शंका म्हणतो. थोरल्याला कशाची कशाशी गल्लत होऊ शकते असं वाटतं, ती शंका.

एक अडचण असते. चांगलं शिकलेलं मॉडेल फाजील ठाम होतं. शंभरातले साडेनव्याण्णव एकालाच देतं, बाकीच्यांना दशांशचिन्हानंतरची शून्यं. ती शंका असते, पण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गणितात 'तापमान' नावाचा एक आकडा आहे. तो वाढवला की गुणांची वाटणी पसरट होते आणि बारीक शंका वर येतात. चढ्या तापमानाला धाकट्याला शिकवायचं आणि कामाला लावताना तापमान परत खाली आणायचं. ऊर्ध्वपातन म्हटल्यावर आच आलीच.

संपादक महाशय, पत्र लांबतंय याची जाणीव आहे. कात्री लावायची तर कुठेही लावा, पण यापुढचा परिच्छेद तेवढा ठेवा. कारण 'नक्कल' या शब्दाला त्यात उत्तर आहे.

हाताने लिहिलेले इंग्रजी आकडे ओळखायचा एक जुना, प्रसिद्ध संच आहे. शिकायला ६०,००० नमुने, परीक्षेला १०,०००. या तिघांच्या थोरल्या मॉडेलने परीक्षेत ६७ चुका केल्या. धाकट्याला नेहमीच्या पद्धतीने, नुसत्या बरोबर उत्तरांवर शिकवलं तेव्हा त्याच्या चुका १४६. तेच धाकटं थोरल्याच्या गुणवाटणीवर शिकवलं, तर ७४. इथवर ठीक आहे. पुढे त्यांनी काय केलं, तर धाकट्याच्या शिकवणीतून ३ हा आकडा संपूर्ण काढून टाकला. एकही ३ त्याला दाखवला नाही. परीक्षेत मात्र १,०१० वेळा ३ होता. ज्याने आयुष्यात ३ पाहिलाच नाही त्याने १,०१० च्या १,०१० चुकवायला हवे होते. चुकले १३३. मग त्यांच्या लक्षात आलं की धाकटं ३ ओळखतंय, पण त्याचं नाव घ्यायला कचरतंय. ३ हे उत्तर देण्याकडे त्याचा कल फारच कमी पडलाय. तो कल तेवढा वाढवून दिला, आणि ३ च्या चुका उरल्या १४.

न पाहिलेला ३ ओळखला कसा? थोरल्याने ८ दाखवताना, २ दाखवताना, ५ दाखवताना दर वेळी बारीक आवाजात म्हटलं होतं : 'हा ८ आहे, पण जरासा ३ सारखा वळलाय.' हजारो वेळा कानावर पडलेल्या त्या पुटपुटण्यातून ३ उभा राहिला. नकलेने हे होतं का? उत्तरपत्रिका कॉपी करणाऱ्याला पेपरात नसलेला प्रश्न सुटत नाही.

माझ्या दुकानात दोन वर्षांपूर्वी एक पोरगा कामाला होता. हुशार. पान बघून त्याचा चेहरा सांगायचा की ओळखलंय, पण तोंडातून शब्द निघायचा नाही, कारण ते नाव त्याने स्वतः कधी ग्राहकाला सांगितलेलं नसायचं. त्याला मी एकदाच म्हटलं, 'बोल, चुकलास तर मी आहे.' निबंधातला हा १३३ वरून १४ वर येण्याचा भाग वाचला तेव्हा मला तोच दिसत होता.

आमचं काम असंच झालं. नाव देऊन झालेले अकराशे फोटो घेऊन पुतणीने पुण्यात भाड्याच्या मशीनवर आधी एक थोरलं मॉडेल शिकवलं. मग बिननावाचे जे हजारो फोटो फोनमध्ये पडून होते ते सगळे त्या थोरल्यापुढे टाकले, आणि त्याची गुणवाटणी हेच धाकट्याचं पुस्तक झालं. बिननावाच्या नमुन्यांचा असा उपयोग करायची युक्ती तिची नाही. २००६ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या बुचिला, कारुआना आणि निकुलेस्कू-मिझिल या तिघांनी अनेक मॉडेलांच्या पंचायतीचं मत एका लहान मॉडेलला शिकवून दाखवलं होतं. आपल्या लेखात हा सगळा प्रकार २०२५ च्या जानेवारीत चीनमध्ये सुरू झाल्यासारखा वाटतो, म्हणून ही नोंद.

आता छाटणीकडे. डाळिंबाच्या माणसाला छाटणी शिकवायला जाऊ नये. मॉडेलचीही छाटणी असते, ती वेगळी : त्याच मॉडेलातले कमी कामाचे धागे कापून टाकायचे. झाड तेच राहतं. ऊर्ध्वपातनात धाकटं हे स्वतंत्र रोप. त्याची ठेवणही वेगळी असू शकते. मी पुतणीला म्हटलं, मग याला गुटी कलम म्हणू का? तर तेही नाही. गुटी म्हणजे आईच्याच फांदीला मुळं फोडून वेगळं केलेलं रोप, आणि इथे आईचं लाकूड येत नाही. अपवाद आहे, तो सांगतो म्हणजे कुणी मला पकडायला नको. २०१९ मध्ये हगिंग फेस या कंपनीने डिस्टिलबर्ट नावाचं भाषेचं मॉडेल केलं, त्यात सुरुवातीला थोरल्याच्या बारा थरांपैकी एकाआड एक असे सहा उचलून धाकट्यात लावले आणि मग शिकवणी सुरू केली. ती थोडीफार गुटी. पण फांद्या छाटून उरलेलं झाड? नाही.

त्याच डिस्टिलबर्टचे आकडे आपल्या लेखात आले असते तर बरं झालं असतं. आकार ४० टक्के कमी, वेग ६० टक्के जास्त, आणि भाषा समजण्याच्या परीक्षांमध्ये थोरल्याच्या ९७ टक्के कामगिरी टिकली. हे ऐकून आपण टाळ्या वाजवतो. मी दुकानदार, मला घट कुठे झाली ते आधी दिसतं. गेलेले तीन टक्के कुठले? शंभर पोत्यांतली तीन ओली निघाली तर ती सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येत नाहीत, कुणातरी एकाच्याच गाडीत जातात.

नकलेविषयी जे अर्धं खरं आहे ते आता मान्य करतो. शिकवणीच्या दोन तऱ्हा आहेत आणि लेखात त्या एकत्र झाल्यात. एक, वर सांगितलेली : थोरल्याच्या आतली गुणवाटणी हाताशी असते, धाकट्याला शंकांसकट मिळते. दुसरी, थोरल्याने लिहिलेली तयार उत्तरं तेवढी गोळा करायची आणि धाकट्याकडून ती घोटून घ्यायची. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अल्पाका मॉडेलने हे केलं. ५२,००० सूचना-उत्तरं, खर्च ६०० डॉलरच्या आत. डीपसीक या चिनी कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या थोरल्या आर१ मॉडेलकडून सुमारे आठ लाख नमुने तयार करून दुसऱ्यांच्या खुल्या मॉडेलांना शिकवले, दीड अब्जापासून सत्तर अब्ज आकड्यांपर्यंतची सहा धाकटी. (हे आकडे म्हणजे शिकताना मॉडेलच्या आत ठरत जाणारे; मॉडेलचा आकार त्यांवरून मोजतात.) गणितासारख्या विषयात, जिथे थोरलं पायरीपायरीने सोडवून दाखवतं, तिथे ही दुसरी तऱ्हाही चांगली लागू पडली. पण सरसकट नाही. २०२३ मध्येच बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं होतं की बड्या मॉडेलांची उत्तरं घोटलेली लहान मॉडेलं बोलण्याची ढब झकास उचलतात, माहितीत मात्र जिथल्या तिथे राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं, अगदी थोरल्यासारखंच बोलतंय. इथे 'नक्कल' हा शब्द शोभतो. गावोगाव फिरणारे काही कंपन्यांचे प्रतिनिधी आठवले मला. शास्त्रज्ञाची भाषा पक्की, बागेत पाय नाही.

आणि थोरलं फारच थोरलं असलं तर धाकट्याला त्याचं झेपत नाही, हेही आहे. २०१९ मध्ये यावर काम झालं तेव्हा मध्ये एक मध्यम आकाराचं मॉडेल बसवण्याचा तोडगा निघाला. थोरल्याने मधल्याला शिकवायचं, मधल्याने धाकट्याला. विद्यापीठाचा शास्त्रज्ञ, मग कृषी सहायक, मग शेतकरी. आपण हे कित्येक वर्षं करतोय, फक्त निबंध लिहिला नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण या पत्राला खरी सुरुवात तिथूनच झाली.

दोन वर्षांपूर्वी मृग बहारात एका कंपनीचा माणूस फुकटचं ॲप घेऊन आला. फोटो काढा, रोग ओळखा. माझ्या एका ग्राहकाची दोन एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग. त्याने फळाचा फोटो काढला, ॲपने हिरवी खूण करून 'बुरशीजन्य ठिपका' असं ठोकून दिलं. शंका, टक्के, दुसरं नाव, काही नाही. तो दुकानात आला, फोन दाखवला, बुरशीनाशक मागितलं. काउंटरवर गर्दी होती. मी फोनचा पडदा पाहिला, फळ मागितलं नाही. औषध माझ्याच दुकानातून गेलं. तेल्या जिवाणूचा, त्याला त्या बुरशीनाशकाने काय होणार? पुढे आठवडाभर झिमझिम पाऊस, म्हणजे तेल्याला मेजवानी. मी बागेत गेलो तेव्हा फळांवरच्या काळ्या डागांना चिरा गेल्या होत्या. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही. उधारी मात्र त्याने वेळेवर दिली, आणि ते जास्त लागलं.

ते ॲप आतून कसं होतं मला माहीत नाही. पण नंतर पुतणीकडून जे कळलं ते असं. पिकांच्या रोगांच्या फोटोंचा जगात सर्वांत प्रसिद्ध संच म्हणजे प्लांटव्हिलेज. ५४,००० वर फोटो, १४ पिकं, २६ रोग. २०१६ मध्ये त्यावर शिकवलेल्या मॉडेलने त्याच संचातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर ९९ टक्क्यांवर मजल मारली. तेच मॉडेल वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवलं तर ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. कारण संचातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेली; आमच्या फोटोत अंगठा असतो, माती असते, मागे ठिबकची नळी असते. आणि ती १४ पिकं कुठली? सफरचंद, ब्लूबेरी, चेरी, मका, द्राक्ष, टोमॅटो, बटाटा वगैरे. डाळिंब नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आमच्या सोलापुरात आहे, पण जगाच्या त्या संचात डाळिंबाचं एक पान नाही.

३ च्या प्रयोगाची दुसरी बाजू ही. धाकट्याने न पाहिलेलं त्याला येऊ शकतं, पण थोरल्याने तरी ते पाहिलेलं हवं. थोरल्यालाच डाळिंब ठाऊक नसेल तर त्याच्या पुटपुटण्यात डाळिंब कुठून येणार? शंका यायलाही ओळख लागते.

शब्दांचंही तेच. आता बोलून विचारता येणारी शेतीची ॲपं येताहेत, त्यांच्या पोटात भाषांतराची मॉडेलं असतात. मेटाने २०२२ मध्ये २०० भाषांसाठी एक थोरलं केलं, साडेचौपन्न अब्ज आकड्यांचं, आणि त्यापासून एक अब्ज ३० कोटी आणि ६० कोटींची धाकटी उतरवली. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटाने २०२३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांसाठी इंडिकट्रान्स२ केलं. थोरलं एक अब्ज दहा कोटींचं, धाकटं सुमारे वीस कोटींचं. मराठी दोन्हीकडे आहे, अभिमानाची गोष्ट. पण पुस्तकात तेल्याचं नाव 'जिवाणूजन्य करपा' असं असतं. थोरलं पुस्तकं वाचून शिकलेलं, तेव्हा ते तसंच म्हणणार, आणि धाकटंही. चूक नाही त्यात. फक्त आमचा शेतकरी 'करपा' ऐकला की बुरशीचं औषध मागायला येतो, कारण कांद्यावरचा, द्राक्षावरचा करपा त्याला माहीत आहे. 'जिवाणूजन्य' हा शब्द त्याच्या कानावरून जातो. मघाच्या दोन एकरांची गोष्ट इथे पुन्हा घडू शकते, ॲपचं उत्तर शास्त्रशुद्ध असूनही.

राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद ठेवली. त्यातून उद्या धाकटी मॉडेलं शेतकऱ्याच्या फोनमध्ये येतील, यावीतही. खरेदी करणाऱ्या साहेबांनी कंपनीला 'किती टक्के बरोबर' एवढंच विचारू नये. कुठल्या फोटोंवर तपासलं, ते फोटो बागेतले की प्रयोगशाळेतले, आणि मॉडेल दुसऱ्या क्रमांकाचं नाव शेतकऱ्याला दाखवतं की लपवतं, हेही विचारावं. शेवटच्या प्रश्नावर कंपन्या म्हणतील की शेतकऱ्याला गोंधळात टाकू नये. माझा अनुभव उलट आहे. 'सत्तर तेल्या, पंचवीस बुरशी' असं सांगितलं की शेतकरी स्वतः पान तोडतो आणि उन्हाकडे धरतो. हिरवी खूण दाखवली की तो सरळ दुकानात येतो. दुकानदार म्हणून मला हिरवी खूण परवडते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आमचं धाकटं सध्या माझ्या आणि ओळखीच्या सात-आठ जणांच्या फोनमध्ये आहे. कौतुक करावं असं काही नाही. मर रोगापुढे ते हात टेकतं, आणि टेकावेतच; फांदी पिवळी पडलेल्या फोटोवरून मर, सूत्रकृमी की पाणी जास्त झालं, हे मलाही सांगता येत नाही, खोड कापून आतला रंग बघावा लागतो. उन्हाच्या चट्ट्याचे फोटो आमच्याकडे फार थोडे, कारण तो सगळ्यांना ओळखता येतो, विचारायला कोण पाठवणार? त्यामुळे मॉडेल ते नाव घ्यायला कचरायचं, ३ सारखंच. यंदा मे महिन्यात मी स्वतः उन्हात फिरून त्याचे फोटो काढले आणि पुतणीने त्याचा कल थोडा सुधारला.

एक राहिलं. आपल्या लेखाबरोबर डाळिंबाच्या फळाचा मोठा रंगीत फोटो आहे आणि खाली 'तेल्याग्रस्त डाळिंब' असं छापलंय. माझ्या मते ते फळ उन्हाने भाजलेलं आहे. डाग एकाच बाजूला, सलग, चामड्यासारखा, आणि त्याला चीर नाही. पुतणीच्या मॉडेललाही छापील फोटो दाखवून पाहिला. ते म्हणालं तेल्या ५१, उन्हाचा चट्टा ४६. फोटोग्राफरना ते झाड आठवत असेल तर फळ कुठल्या बाजूचं होतं, पश्चिमेचं का, एवढं कळवावं.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक
ता. सांगोला, जि. सोलापूर